दोन मार्कांचं अर्धं वाक्य

शेजारच्या काकूंचा मुलगा एका शनिवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आईच्या सिटिझनशिपच्या मुलाखतीला दुभाष्या हवाय. याल का? तुम्ही उगाच गोड बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय."

मी ते कौतुक आहे असं धरून चालले आणि त्याला आत घेतलं.

ईडन प्रेरी या उपनगरात आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकून आहेत. काकू नागपूरकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या आणि मुलाकडे आल्या. त्यालाही आता पंधराहून जास्त वर्षं झाली. वय आणि इथला मुक्काम दोन्ही पुरेसं असलं, की नागरिकत्वाची तोंडी परीक्षा आपल्या भाषेत देता येते. दुभाष्या मात्र आपणच न्यायचा. पहिल्या वेळी मुलगा स्वतःच गेला होता. तिथेच घोळ झाला.

अधिकाऱ्यानं विचारलं, कायद्याचं राज्य म्हणजे काय? काकूंनी वर्गात शिकवत तसं उत्तर दिलं. एक तलाठी, एक शेतकरी, एक मंत्र्याचा पुतण्या, आणि तिघांना एकच कायदा. दीड मिनिट लागलं. मुलगा इंग्रजीत म्हणाला, "कायद्यापेक्षा कोणी मोठा नाही." अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. बाई एवढं बोलल्या आणि तुम्ही एवढंच सांगता? दुसरा दुभाष्या घेऊन या, म्हणून त्यानं मुलाखत थांबवली.

"पण मी चूक कुठे सांगितलं?" मुलगा माझ्यापुढे अजून भांडत होता. "बरोबर उत्तर दिलं ना?"

त्याच्यामागून काकू आल्याच होत्या. "उत्तर बरोबर होतं रे. पण परीक्षा माझी होती."

आता दुसरी तारीख ऑगस्टमधली मिळाली होती. या वेळी बिनसलं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून, आणि मग नोव्हेंबरची निवडणूक हातची गेली असती. काकूंना पासपोर्टची हौस नव्हती. त्यांना मत द्यायचं होतं. इथे शाळांचं मंडळ लोक मतं देऊन निवडतात, हे त्यांना नातवाच्या शाळेतल्या एका सभेत कळलं, आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हती.

"शाळा कोणी चालवायची ते लोक ठरवतात, अन् मी मास्तरीण असून नुसती पाहून राहिली!" असं त्या मला निदान दहा वेळा म्हणाल्या होत्या.

मी होकार दिला. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. जे दिसतं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. म्हटलं, दुभाष्याचं काम याहून वेगळं काय असणार? एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी काकूंना तसं सांगितलंही. वर ताकीद दिली, "तुम्हीही दोन शब्दांत बोलायचं. तलाठी नको, पुतण्या नको."

"बरं मॅडम," काकू म्हणाल्या. मला त्या मॅडम म्हणतात तेव्हा काही खरं नसतं.

रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तयारी सुरू झाली. मी प्रश्न वाचायची, त्या उत्तर द्यायच्या, मी ते इंग्रजीत करायची. नद्या आणि सणांच्या सुट्ट्या यांत त्या अडखळायच्या. संविधान, न्यायालय, संसद हे मात्र त्या मलाच शिकवायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी यादवी युद्धाच्या काळातल्या अध्यक्षाचा प्रश्न आला. त्यानं केलेली एक महत्त्वाची गोष्ट सांगा.

"हे तर सोपं," मी म्हटलं. "गुलामगिरी संपवली. दोन शब्द. पुढे."

"थांब ना. त्यानं लोकशाहीची व्याख्या केली." आणि काकूंनी डोळे मिटून म्हटलं, "लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य म्हणजे लोकशाही."

मीही त्यांच्याबरोबर म्हटलं. म्हणजे तोंडातून आपोआप आलं. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही अर्ध्या झोपेत उठवून विचारा, हे वाक्य येतंच. व्याख्या लिहा, दोन मार्क. खाली कंसात अध्यक्षाचं नाव लिहिलं की बाई खूश. मी ते वाक्य कितीदा लिहिलं असेल, पण ते कोणी कुठे उभं राहून म्हटलं असेल, असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. अध्यक्ष ऑफिसात बसले असतील, कोणीतरी विचारलं असेल, साहेब, लोकशाही म्हणजे काय हो? त्यांनी सांगितलं असेल, असंच काहीसं मी धरून चालले होते.

माझी मुलगी फ्रीजसमोर उभी राहून दही खात होती. नववीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "मॉम, दॅट्स नॉट अ डेफिनिशन. इट्स द एंड ऑफ अ सेंटेन्स."

"काय म्हणते ही?" काकू.

"म्हणते, ही व्याख्या नाही. एका वाक्याचा शेवट आहे."

"काहून नाही? मी एकतीस वर्षं शिकवली!"

मुलीनं चमचा ठेवला. आदल्या वर्षी शाळेत त्यांना ते सबंध भाषण पाठ करावं लागलं होतं. मला वाटलं होतं, म्हणून दाखव म्हटलं की कंटाळेल, तर ती चक्क ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरुवातीपासून म्हणू लागली. गेटिसबर्गचं ते भाषण. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. दोन-तीन मिनिटांत संपलं.

"संपलं?" काकूंचा विश्वास बसेना. "अध्यक्षाचं भाषण? आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांचा परिचय याच्याहून लांब असतो!"

मुलीनं सांगितलं ते मी काकूंना सांगत गेले. त्या गेटिसबर्ग गावाजवळच्या शेतांत तीन दिवस लढाई झाली होती, हजारोंनी माणसं मेली होती. काही महिन्यांनी त्यांच्यासाठी तिथे दफनभूमी केली, तिच्या समारंभाला अध्यक्षाला बोलावलं. त्याच्या आधी एक मोठा वक्ता दोन तास बोलला.

"तो काय म्हणाला?"

"कोणालाच आठवत नाही म्हणते."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी मुलीला खुणेनं समोर बसवलं. "पुन्हा म्हण. सावकाश. अन् तू," मला, "एकेक वाक्य मराठीत कर."

गॅसवर कुकर होता. मी तो बंद केला. अर्ध्या तासाचं काम, असं वाटलं होतं. दोन तास गेले, आणि जेवायला शेवटी बाहेरून पिझ्झा मागवावा लागला.

पहिल्याच शब्दांत अडलो. सत्त्याऐंशी वर्षं म्हणायची तर अध्यक्ष सरळ म्हणत नाही, चार वेळा वीस आणि वर सात म्हणतो. मुलीला ते विचित्र वाटायचं. काकूंना मुळीच नाही. "चार विसा अन् सात! बाजारात संत्री विकणाऱ्या बाया अशाच मोजायच्या." मी ते जसंच्या तसं ठेवलं.

पुढे एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. आपण ही जागा मेलेल्यांना अर्पण करायला जमलो आहोत, असं तो म्हणतो. मग म्हणतो, खरं तर आपण अर्पण करणारे कोण, जे इथे लढले त्यांनीच ती केली आहे. आणि मग तोच शब्द उलटा आपल्यावर आणतो. जे जिवंत आहेत त्यांनीच उरलेल्या कामाला स्वतःला... इथे मी अडले. इंग्रजीत शब्द एकच. मराठीत जागा अर्पण करतात, पण माणूस स्वतःला कामाला अर्पण करतो म्हटलं की सत्कार समारंभासारखं वाटतं.

"वाहणं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"फूल वाहतो ना आपण? मग, वाहायला आले होते ती जागा. अन् कामाला काय करतो माणूस? वाहून घेतो! एकच शब्द झाला का नाही? जागा वाहायला आलो, पण वाहून घ्यायचं आहे स्वतःला." त्यांनी टेबलावर थाप मारली. "बसला!"

बसला होता. मी उठून उगाचच ओटा पुसला. मला शब्दांचं वेड वगैरे नाही. पण एखादी गोष्ट तपासताना सगळी टोकं एकदम जुळतात तेव्हा ऑफिसातही मी अशीच उठून एक फेरी मारते.

मग शेवटचं वाक्य आलं. ते लांबलचक आहे, पायरीपायरीनं चढत जातं. इथे मेलेल्यांचं मरण फुकट जाऊ नये, देशाला स्वातंत्र्याचा नवा जन्म मिळावा, आणि लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठी असलेलं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होऊ नये.

काकू पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "शेवटचा शब्द परत सांग."

"नाहीसं होऊ नये."

"म्हणजे होऊ शकतं."

"हो. म्हणून तर सांगतोय."

"आमच्या पुस्तकात क्रियापदच नव्हतं!" त्यांचा आवाज चढला. "लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य म्हणजे लोकशाही. म्हणजे, म्हणून थांबलो. जशी काही आहेच. पाण्याचा उत्कलनबिंदू आहे, तशी लोकशाही आहे. पाठ करा, दोन मार्क घ्या, घरी जा. अन् हा माणूस मढ्यांच्या मध्ये उभा राहून म्हणतोय, जाईल रे ती, सांभाळा! एकतीस वर्षं मी अर्धं वाक्य शिकवलं! किती पोरं गेली माझ्या हाताखालून!"

"आजी, इट्स ओके," मुलगी म्हणाली.

"काही ओके नाही," काकू म्हणाल्या, पण त्यांचे डोळे चमकत होते. रागावलेल्या मास्तरणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत; या रागात आनंदच जास्त होता. सत्तरीनंतर आपलाच विषय नव्यानं सापडलेल्या बाईला आवरणं कठीण असतं.

मी आवरायला गेले आणि तिथे आमचं भांडण झालं. "हे सगळं छान आहे," मी म्हटलं. "पण मुलाखतीत गुलामगिरी संपवली, एवढंच. मागच्या वेळी लांब बोलण्यावरूनच गेलं होतं."

"मागच्या वेळी लांब बोलण्यावरून नाही गेलं. आखूड सांगण्यावरून गेलं."

"काकू, परीक्षा पास व्हायची आहे की व्याख्यान द्यायचं आहे?"

"दोन्ही नाही का जमणार?"

"नाही."

"बरं मॅडम."

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी निळी साडी नेसली होती आणि पायात चालायचे पांढरे बूट. मुलानं बाहेर थांबायचं ठरलं होतं. आत अधिकारी पन्नाशीचा, सरळ, कामाशी काम ठेवणारा. माझ्यासारखाच, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटली. मागच्या वेळची टिपणं त्याच्यासमोर होती. त्यानं आधी मला शपथ दिली: जे बोललं जाईल तेच, पूर्ण आणि खरं, भाषांतर करीन. मी हात वर केला.

सुरुवात झकास झाली. काकू खरंच दोन-दोन शब्दांत बोलत होत्या. तो विचारायचा, मी मराठीत, त्या चटकन, मी इंग्रजीत. चेंडू टोलवल्यासारखं चाललं होतं. मग एका नदीवर त्या चुकल्या. लगेच एका सणावर. पुढे त्यांनी राज्याच्या राजधानीऐवजी आम्ही खरेदीला जातो त्या शहराचं नाव घेतलं, आणि तो चेहरा न हलवता पुढे गेला. मी टेबलाखाली बोटांवर मोजत होते. दहापैकी सहा बरोबर लागतात, पाच झाली होती. एक उत्तर बरोबर आलं की झालं, पण चुकायला आता फारशी जागा उरली नव्हती.

त्यानं विचारलं, यादवी युद्धाच्या काळातल्या अध्यक्षानं केलेली एक महत्त्वाची गोष्ट सांगा.

मी प्रश्न मराठीत केला आणि काकूंकडे पाहिलं. दोन शब्द, मी डोळ्यांनी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या अधिकाऱ्याकडे पाहत होत्या, फळ्यापाशी उभं राहून शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं.

"त्यांनी गेटिसबर्गच्या दफनभूमीत एक छोटं भाषण केलं," त्या म्हणाल्या. "तिथे मेलेल्या सैनिकांना जागा वाहायला सगळे जमले होते. त्यांनी सांगितलं, जागा वाहणारे आपण कोण? आपण जिवंत आहोत, तर उरलेल्या कामाला आपण वाहून घेतलं पाहिजे. म्हणजे लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठी असलेलं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होणार नाही."

थांबल्या.

आता माझी पाळी. माझ्या मनात मुलीचा आवाज होता, ते भाषण इंग्रजीत अख्खं तयार होतं. ते म्हणून टाकणं सोपं होतं, पण मग मूळ भाषण मी म्हटलं असतं, काकूंनी नाही. त्याला वाटलं असतं, या बाईनं पाठ केलेलं ठोकून दिलं. उलट आखडून सांगावं, तर पुन्हा मागच्याच वेळेसारखं. मी ठरवलं, मूळ विसरायचं. काकू जे म्हणाल्या तेच, त्यांच्याच क्रमानं.

छोटं भाषण, दफनभूमी, सैनिक, एवढं गेलं. मग आलं वाहणं. मी थांबले. फूल वाहतात ते, आणि कामाला माणूस वाहून घेतो ते, दोन्हीला चालणारा एकच इंग्रजी शब्द कोणता? मी खरंच शोधत होते, आणि तोंडातून आला तो तोच. डेडिकेट. अध्यक्षाचाच शब्द, नागपूरच्या मराठीतून फिरून परत. तो मी दोनदा वापरला, काकूंनी वापरला तसा, आणि पुढचं वाक्यही त्यांच्याच साध्या शब्दांत सांगून टाकलं: लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठी असलेलं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होणार नाही.

अधिकाऱ्यानं मान वर केली. आधी माझ्याकडे, मग काकूंकडे पाहिलं. त्यानं विचारलं, "त्या असंच म्हणाल्या? अगदी असंच?"

"अगदी असंच," मी म्हटलं. "मी शपथ घेतली आहे."

त्यानं कागदावर बरोबरची खूण केली. मग पेन खाली ठेवलं, मागच्या वेळेसारखंच. पण तो हसत होता. म्हणाला, "दोन शब्दांतही चाललं असतं. तरी हरकत नाही. हे मला फार दिवसांनी कोणी संपूर्ण सांगितलं."

मी ते मराठीत केलं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

"त्याला सांग," काकू म्हणाल्या, "प्रश्न दोन मार्कांचा होता, मी पाच मार्कांचं लिहिलं. जास्तीचे मार्क नकोत."

तेही मी सांगितलं. तो मोठ्यानं हसला. पास झाल्याचा कागद काकूंच्या हातात दिला, आणि शपथविधीचं पत्र येईल म्हणाला. बाहेर मुलगा खुर्चीवरून उठला तो अर्धा घाबरूनच. "काय झालं? किती बोलली?"

"जेवढं बोलायचं तेवढं," काकू म्हणाल्या. "अन् हिनं एक शब्दही खाल्ला नाही. शिक जरा."

पार्किंगमध्ये मी त्यांच्यावर रागावायचा प्रयत्न केला. ठरलं काय होतं, केलं काय? पण गाडीची किल्ली मला सापडेना, आणि मला हसूच येत होतं. माणूस आपल्याच आनंदाला असा बावळटासारखा सापडतो, हे मला फारसं आवडत नाही. त्या दिवशी चाललं.

शपथविधी सप्टेंबरच्या शेवटी झाला. निरनिराळ्या देशांची शेकडो माणसं एका मोठ्या हॉलमध्ये एकदम हात वर करून उभी राहिली. काकू ओळीत मधोमध, शपथेचा प्रत्येक शब्द खणखणीत, उच्चार नागपुरी. संपल्यावर दाराशी एका लांब टेबलामागे पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती, मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन. घरी नेऊन भरला तरी चालेल, असं तिनं सांगितलं.

"नको. इथेच," काकू म्हणाल्या.

मी पर्समधून पेन काढलं. "द्या, मी भरते."

"तू नको. तुझी शपथ संपली." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, खुर्ची ओढली आणि मोठ्या कॅपिटल अक्षरांत, शेवटच्या बाकावरून दिसावीत अशी, नाव लिहायला सुरुवात केली. पत्त्यात एक आकडा चुकला तो खोडला, खाली सही केली. समोरच्या बाईनं बोट ठेवून दाखवलं की इथे तारीख. काकूंनी तारीख लिहिली आणि मान वर करून आपल्या इंग्रजीत विचारलं, "स्कूल बोर्ड. हू इज टीचर? हाऊ मेनी?"

बाईनं चष्मा पुढे ओढला आणि मतपत्रिकेचा नमुना काढला. दोघी त्यावर वाकल्या. मी गाडी आणायला गेले. परत आले तर त्यांचं संपलेलं नव्हतं, आणि मागे फॉर्मसाठी रांग पार हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती.